उलटा रूट

आमच्या रविवारच्या पळायच्या रूटवर सगळं होतं: शेतं, जंगल, टेकडी आणि टेकडीच्या पायथ्याशी कपारीतून पडणारा झरा. त्याचं पाणी जरासं खारट लागायचं. "खनिजं आहेत, घाम गाळल्यावर हेच प्यावं," असं आमच्यातला डॉक्टर सांगायचा आणि आम्ही ओंजळी भरभरून प्यायचो.

पुढे टेकडीवर गोठेवाल्या मावशी पाण्याचा तांब्या पुढे करायच्या. मला तिथल्या शेणामुताच्या वासानेच ओकारी यायची. "नको मावशी, आत्ताच प्यायलोय," म्हणत मी नाक दाबून सटकायचो.

या रविवारी आम्ही उलट्या बाजूने पळालो, त्यामुळे गोठ्यावर तासभर आधीच पोचलो. मावशी गोठा धूत होत्या आणि ते हिरवंपिवळं पाणी खडकाच्या भेगेत उतरत होतं.

"मावशी, हे पाणी जातं कुठे?"

"खाली कपारीतून पडतं की! का हो?"

डॉक्टर तोंड दाबून झुडपामागे पळाला. मी कसंबसं सगळं सांगितलं आणि पहिल्यांदाच तांब्यासाठी हात पुढे केला.

 

मावशींनी तांब्या झटकन मागे घेतला. "थांबा, तोंड लावू नका! ओंजळ धरा, मी वरून ओतते."