तीनशेच्या वरचे आकडे

"दिवा लागला की बटण दाबायचं, तेही आजच्या पोरांना वेळेत जमत नाही," केळुसकर सर म्हणाले. "चाळीस वर्षांत अख्खी पिढी मंद झाली."

उद्याच्या परिषदेत ते हेच सांगणार होते, आणि शोधनिबंधावर त्यांच्या नावाखाली सुनीतीचं नाव होतं. दिवा लागल्यापासून बटण दाबेपर्यंत लागणारा वेळ तिने वर्षभर नऊशे मुलांचा मोजला होता. पण ज्याच्याशी तुलना करायची त्या सरांच्या चाळीस वर्षांपूर्वीच्या रजिस्टरात तीनशे मिलिसेकंदांच्या वरचा एकही आकडा नाही, हे तिला खटकत होतं. म्हणून आज तिने प्रयोगशाळेचे निवृत्त शिपाई तुळशीराममामा यांना बोलावलं होतं.

"मामा, तेव्हा एकाही मुलाचा हात मागे पडत नव्हता?"

"पडायचा की. तीनशेच्या वर गेला की सर म्हणायचे, पोरगं पेंगतंय, पुन्हा घ्या. मग खाली येईस्तोवर घ्यायचो आणि तेवढाच लिहायचो." मामांनी सरांकडे कौतुकाने पाहिलं. "फार काटेकोर होते सर."

सर चष्मा पुसू लागले. "एवढ्यातेवढ्याने निष्कर्ष बदलत नाही, सुनीती."

"मी पेंगणाऱ्यांचेही आकडे लिहिलेत, सर. सगळे." तिची कानशिलं तापली होती, पण आवाज चढला नाही. तिने निबंध पुढे ओढला आणि स्वतःच्या नावावर पेन रुतेल अशी रेघ मारली.

"मामा, उद्या दहाला परिषदेला याल? आत्ता सांगितलंत तेवढंच सगळ्यांसमोर सांगायचं."

"येतो की," मामा खुलून म्हणाले. "सरांबद्दल चांगलंच बोलेन."