घोटभर चहा

कारागंडा शहरातल्या आपल्या घरात रौशन दुपारभर एकटीच राक्षस मारायची. सिनेमावरून काढलेला तो अंतराळयानाचा गेम मुलगा नोकरीसाठी सेऊलला जाताना मागे ठेवून गेला होता. यानातल्या एका टेबलावर पियाला, चहाची बिनकानाची वाटी, असे आणि त्यात घोटभर चहा. त्यांच्याकडच्या रीतीत पाहुण्याला घोटभर म्हणजे बसा, अजून ओतते. तेवढ्यासाठी ती रोज तिथे थांबायची.

"आई, त्या यानात चहा कुठला? चष्मा बदल बघू," मुलगा फोनवर हसला होता.

आज तो पियाला काठोकाठ भरलेला होता. नकोशा पाहुण्याला उठवायचं असलं की रौशन अस्साच भरायची.

तिनं घाईनं गेम बंद केला आणि शेजारचा आपला चहा उचलायला वळली. तिनं घोटभरच ओतून घेतला होता.

आता तोही पियाला काठोकाठ भरला होता.