फक्त माझाच

मीटिंग सुरू झाली की पलीकडच्या खोलीत झोपलेल्या लेकीच्या पलंगाजवळच्या कॅमेऱ्यातून लॅपटॉपवर येणारा आवाज बंद व्हायचा आणि आईच्या जिवाला घोर लागायचा. उठून बघावं, तर नेमके तेव्हाच साहेब हटकायचे, "मॅडम, आवाज येतोय का?"

शेवटी तिने ऑफिसच्या कॉम्प्युटरवाल्याला फोन लावला. तो हसला. "ताई, स्पीकर एक आणि दावेदार दोन. मीटिंगचा प्रोग्राम 'फक्त माझाच' म्हणून स्पीकर बळकावून बसतो. सेटिंगमधली ती एक टिक काढा, दोघं गुण्यागोविंदाने नांदतील."

दुपारच्या मीटिंगआधी तिने टिक काढली. साहेब बोलत असतानाच त्यांच्या आवाजाखालून पलंगाची करकर ऐकू आली. लेक उठली होती. दोन वर्षांची झाली तरी पोर अजून दोन शब्द जोडून बोलत नव्हती, याची धास्ती तर तिला रोजचीच. खुर्चीतून हलता येत नव्हतं, म्हणून तिने नुसते कान टवकारले.



आणि पलंगाच्या कठड्याला धरून लेक आयुष्यातलं पहिलं वाक्य बोलली, "आई, आवाज येतोय का?"