पाण्याची बाजू

रितेशनं सायकल भिंतीला टेकवून दाराची कडी वाजवली. मालनबाईंनी दार उघडलं, त्याच्याकडे न बघताच आत वळून “आला” एवढंच म्हणाल्या आणि स्वयंपाकघरात निघून गेल्या.

नामदेवराव काठी टेकत बाहेर आले. त्यांनी एक हात सायकलच्या कॅरिअरवर ठेवला, रितेशनं हँडल धरलं आणि दोघं रोजच्यासारखे कालव्याकडे निघाले.

त्यांची ओळख झाली ती या कालव्यावरच, संक्रांतीच्या सुमाराला. रितेश तेव्हा कुकटपल्लीहून अमीरपेटच्या कॉम्प्युटर क्लासला जायचा. मोठ्या रस्त्यावरच्या बस आणि लॉऱ्या चुकवायला तो कालव्याच्या बांधावरून सायकल हाणायचा. त्या दिवशी नीट उजाडलंही नव्हतं, त्यात धुकं. वळण घेतलं तर पुढ्यातच, पाण्याच्या कडेला कोणीतरी उभं. त्यानं ब्रेक आवळले, चाक घसरलं, एक जोरदार हिसका बसला आणि तो आडवा झाला. उठून बघतो तर बांधावर कोणीच नव्हतं.

खाली दगडी उतारावर, निम्मे पाण्यात, नामदेवराव पडले होते. रितेश घसरत खाली उतरला आणि त्यानं त्यांना बाहेर ओढलं. मांडीचं हाड मोडलं होतं.

दवाखान्यात मालनबाईंनी सगळ्यांदेखत त्याला नको नको ते ऐकवलं. ह्यांचा कारखाना बंद पडून वर्ष झालं नाही, तोवर या पोरानं माणसालाच अंथरुणाला खिळवलं, असं त्या येईल जाईल त्याला सांगत होत्या. नवऱ्याचा चष्मा आणि घड्याळ पाण्यात गेलं म्हणून त्या हळहळल्या, पण घरी आल्यावर दोन्ही वस्तू देवघराच्या फळीवर नीट ठेवलेल्या सापडल्या. तेवढं तरी नशीब, असं त्या शेजारणीला म्हणाल्या.

पोलिसानं येऊन विचारलं, तेव्हा नामदेवरावांनी आपली काही तक्रार नाही म्हणून सांगितलं. मालनबाई त्यावरून नवऱ्याशी बरेच दिवस धड बोलल्या नाहीत. रितेशला मात्र त्या मोठेपणाचंच ओझं झालं. त्यांनी दोन शिव्या हासडल्या असत्या तर त्याला बरं वाटलं असतं.

प्लॅस्टर निघालं आणि डॉक्टरांनी रोज चालायला सांगितलं. मी घेऊन जात जाईन, असं रितेश म्हणाला. मालनबाईंनी साफ नकार दिला.

“येऊ दे त्याला,” नामदेवराव म्हणाले.

सुरुवातीला कडुलिंबापर्यंत जाऊनच ते थकायचे. मग पुलापर्यंत मजल गेली आणि उन्हाळा लागला तसे ते दोघं कारखान्याच्या मागच्या भिंतीपर्यंत पोचू लागले. नामदेवराव तिथं लेथ विभागाचे फोरमन होते. बाहेरून स्वस्त माल यायला लागला आणि कारखान्याच्या ऑर्डरी आटल्या. माणसं स्वेच्छानिवृत्तीच्या कागदावर सह्या करून एकेक करत घरी बसली. कोणी ऑटो घेतला, कोणी गावाकडे गेलं. हे ते इतक्या शांतपणे सांगायचे, की ती दुसऱ्याच कोणाची हकिगत वाटावी. भिंतीपाशी आलं की मात्र गप्प व्हायचे.

रितेश नेहमी पाण्याच्या बाजूनं चालायचा. पहिल्याच दिवशी त्यांनी त्याला तसं सांगितलं होतं. पडल्याची धास्ती अजून गेली नाही, असं त्याला वाटायचं आणि तो आणखीच ओशाळायचा.

हळूहळू दुसऱ्याही गप्पा सुरू झाल्या. कॉम्प्युटर बिघडला तर त्याला पाना कुठं लावायचा, असं ते विचारायचे आणि स्वतःच हसायचे. एकदा परत आल्यावर मालनबाईंनी चहाचे दोन कप आणून ठेवले आणि आत गेल्या.

आज त्याच्याकडे सांगायला बातमी होती. माधापूरच्या एका नव्या कंपनीत त्याला नोकरी लागली होती. सोमवारपासून कंपनीची बस पहाटेच न्यायला येणार होती. सकाळचं फिरणं आता जमणार नव्हतं. तसंही डॉक्टरांनी काठीशिवाय चालायची परवानगी दिली होतीच.

पुलापाशी त्यानं ते सांगितलं. नामदेवराव थांबले.

“चांगलं झालं बाबू, खूप चांगलं झालं,” ते म्हणाले, पण कॅरिअरवरचा हात त्यांनी काढला नाही. मग ते पुलाच्या कठड्यावर बसले. रितेशही सायकल लावून शेजारी टेकला.

“काका, जायच्या आधी एक मागतो,” तो म्हणाला. “मी तुम्हाला पाडलं, पाय मोडला, पण तुम्ही मला एका शब्दानं बोलला नाहीत. एकदा तरी रागवा. मला मोकळं वाटेल.”

नामदेवराव पाण्याकडे वळले.

“मालन तुला काय काय बोलली, ते मी खाटेवर पडून सगळं ऐकलं,” ते म्हणाले. “तोंड उघडलं नाही. तू रोज यायला लागलास, आणि मग तर उघडवेचना. तू येणं बंद करशील, असं वाटायचं.”

“मी का बंद करीन काका? चूक माझी होती.”

“नाही बाबू,” नामदेवराव म्हणाले. “तुझी सायकल मला लागलीच नाही. तुझ्या ब्रेकचा आवाज ऐकला, तेव्हा मी आधीच उडी मारलेली होती.”