दुसरी फिर्याद

सलीलला कापसाची जिनिंग मिल टाकायची होती. त्यासाठी केतकीनं आपला फंड काढून दिला, मग आईचं यवतमाळचं घर गहाण टाकलं. दिवाळीनंतर दोघांचं लग्न ठरलं होतं. त्याआधीच कापसाचे भाव कोसळले आणि सलील पसार झाला.

पोलीस ठाण्यात आई रडत म्हणाली, "साहेब, माह्या भोळ्या पोरीले नागवलं त्यानं."

"पण घराच्या कागदावर सही तुमची हाय, काकू," हवालदार म्हणाला.

"मोतीबिंदूनं दिसत कुठं होतं मले? त्यानंच घेतली असंल फसवून."

हवालदार लिहू लागला.

"थांबा, साहेब," केतकी म्हणाली. "पेन्शनचा फॉर्म हाय असं सांगून ती सही मी घेतली. सलीलनं मले फसवलं, आईले मी. आता तिचीबी फिर्याद घ्या, माह्याविरुद्ध."