हिरव्या बांगड्यांची मागणी

बांगड्या भरून झाल्या की आशीर्वाद द्यायची रत्नाकर कासारांची रीत होती. आज मात्र तो त्यांच्या तोंडून निघेना. शर्वरीचा हात हातात धरून ते तसेच बसून राहिले.

“काका, गौरींसाठी माझ्या मापाच्या हिरव्या बांगड्या ठेवाल ना?” तिने विचारलं.

कासारांनी गल्ल्याजवळच्या यंत्राच्या पडद्याकडे बघणं टाळलं. गावातल्या सगळ्या दुकानांची विक्री एकत्र वाचून पुढे कोणाला काय लागेल ते सांगणारं यंत्र त्यांनी गेल्या वर्षी बसवलं होतं. ते अजून चुकलं नव्हतं. सकाळीच त्यावर सूचना आली होती: शर्वरीताईंसाठी यापुढे हिरव्या बांगड्या मागवू नयेत.

“बघू की. अजून वेळ आहे,” ते पुटपुटले.

“ह्यांच्या पुढच्या महिन्याच्या गोळ्या मागितल्या, तेव्हा औषधवालाही असंच म्हणाला,” शर्वरी म्हणाली. “तुमचं यंत्र तरी वेगळं सांगेल असं वाटलं होतं.”

कासार उठले. दुकानात होत्या तेवढ्या तिच्या मापाच्या हिरव्या बांगड्या त्यांनी तिच्या ओटीत घातल्या आणि पडद्याकडे रोखून बघत मोठ्याने म्हणाले, “अखंड सौभाग्यवती हो, पोरी.”