गेशेबाईंची गाढ झोप

टोमानं वर्तमानपत्राची घडी घातली आणि वीब्केचा हात आपोआप पोटावर गेला.

"पुन्हा वाच," ती म्हणाली.

"काय करायचंय पुन्हा वाचून?" शेजारीण टोमा म्हणाली. पण बातमी सांगायची संधी दोनदा चालून आली तर एकदाच घेणारी बाई ती नव्हे. तिनं पुन्हा वाचलं. झोपेच्या त्या पांढऱ्या गोळ्या दुकानांतून काढून घेतल्या होत्या. ज्या बायकांनी गरोदरपणाच्या सुरुवातीला त्या घेतल्या, त्यांतल्या कित्येकींची बाळं अपुऱ्या हातापायांची जन्माला आली होती. डॉक्टरांचा संशय त्या गोळ्यांवरच होता.

त्याच गोळ्या. औषधवाला म्हणाला होता, अगदी निर्धोक, तान्ह्या बाळालाही चालतील. उन्हाळ्यात वीब्केला दिवस गेले, ओकाऱ्यांनी जीव नकोसा झाला, रात्ररात्र डोळ्याला डोळा लागेना. तेव्हा नवरा हाब्बो पहिलं पाकीट घेऊन आला. तेव्हापासून रोज रात्री दुधाच्या पेल्याबरोबर एक. आता एकसष्ट सालचा नोव्हेंबर संपत आला होता आणि तिला सहावा महिना होता.

"मोठ्या माणसांना काय होतं म्हणे?" तिच्या सासूबाईंनी, गेशेबाईंनी विचारलं.

"बोटं बधिर होतात म्हणे, हातापायांची. फार दिवस घेतल्या तर. पण मोठ्यांचं काय घेऊन बसलीस गेशे? इथं ही पोर..."

गेशेबाईंनी पाय खुर्चीखाली ओढून घेतले आणि तिन्ही कपांत चहा ओतला. खडीसाखर तडकली. साय वर तरंगली. कुणीच कपाला हात लावला नाही.

उत्तर जर्मनीतल्या पूर्व फ्रिसलंडच्या त्या कालव्याकाठच्या गावात असं कधी घडलं नव्हतं. तिथं पाळण्यातलं पोर आधी चहा मागतं, मग आई. एकदा बांध फुटून समुद्र घरात शिरला, तर लोक पेटत्या शेगडीसकट किटली घेऊन छपरावर चढले. गुरांची आठवण दुसऱ्या कपानंतर झाली. चहानं झोप उडते हे तिथं फक्त कॉफी पिणाऱ्या परमुलखाच्या लोकांबद्दल ऐकू येई. आणि गेशेबाई तर गावातल्या पट्टीच्या पिणाऱ्या. निजण्याआधीची किटली एकट्या संपवायच्या. वर या उन्हाळ्यापासून त्यांचं घोरणं असं दणदणीत झालं होतं, की धुक्यात वाट चुकलेल्या होड्या त्या आवाजाच्या रोखानं धक्क्याला लागत.

भिंतीपलीकडे वीब्के ते घोरणं ऐकत टक्क जागी असायची.

"गोळी घेऊनही झोप येत नाही, आई," ती सकाळी म्हणायची.

"झोपेला मन साफ लागतं. मला बघ. तुम्हां आजकालच्या पोरींना झोपसुद्धा दुकानातून हवी!"

घरातलं औषध एकाच हाती असावं, म्हणून गोळ्या गेशेबाईंच्या कपाटात असत. रोजची गोळी त्याच काढून द्यायच्या. टोमणा वरून फुकट.

आता त्या किटलीचं झाकण उगाच नीट करत होत्या. वीब्के रडत नव्हती. टेबलावर पसरलेल्या स्वतःच्या हातांकडे बघत होती.

"मी गिळल्या," ती म्हणाली. "रोज. याच हातानं."

"नाही गिळल्यास," गेशेबाई म्हणाल्या.

दोघींनी वर बघितलं.

"एकही गिळली नाहीस. माझ्या हाडांसाठी कॅल्शियमच्या गोळ्या दिल्यात ना डॉक्टरनं, त्या मी तुला देत होते. अगदी पहिल्या दिवसापासून. दिसायला सारख्याच."

टोमा खुर्चीतून अर्धी उठलीच. "अगं बाई, गेशे! काय तुझी दूरदृष्टी! डॉक्टरांना कळलं नाही ते तुला कळलं! आणि खऱ्या गोळ्या गं?"

गेशेबाई जरा अडखळल्या. "त्या होय... त्या कालव्यात टाकल्या."

वीब्केनं हळूच मान हलवली.

"आई, तुम्ही दोरीचा तुकडासुद्धा टाकत नाही. हाब्बोनं विकत आणलेलं औषध पाण्यात टाकाल? मला धीर द्यायला बोलताय. नका ना बोलू. जन्मल्यावर दिसेलच की."

गेशेबाईंनी सुनेकडे बघितलं. मग टोमाकडे बघितलं. चर्चमधली घंटा वाजायची थांबेपर्यंत टोमाच्या तोंडून बातमी कालव्याच्या दुसऱ्या टोकाला पोचलेली असे. दूरदृष्टीची गेशेबाई म्हणून उद्या सारा गाव नाव घेणार होता. नुसतं गप्प बसलं की काम झालं.

"मी खाल्ल्या," त्या म्हणाल्या.

"काय?"

"सगळ्या मीच खाल्ल्या. हाब्बोचे वडील गेल्यापासून मला झोप नाही, पोरी. पडून राहायचे छताकडे बघत आणि सकाळी फुशारकी मारायचे. चहा मला झोपू देत नाही. पाकीट आलं त्याच रात्री चोरून एक घेतली, तुला माझी दिली. अशी मेल्यासारखी झोपले! मग सोडवेना. पायांची बोटं तर कधीची गेलीत माझी, चिमटा काढला तरी कळत नाही."

टोमाचा आ वासलेला तसाच राहिला. चहाच्या पुढचं काही तिच्या कानापर्यंत पोचलंच नव्हतं.

"चहानं?" ती म्हणाली. "गेशे, तुला? चहानं?"

"हो. चहानं. मला."

वीब्के उठून उभी राहिली. "खरंच, आई?"

गेशेबाईंनी खुंटीवरचा टोमाचा कोट काढला आणि तिच्या मांडीवर टाकला.

"ऊठ गं. बसून काय राहिलीस? गावभर सांगत सूट. एक घर वगळू नकोस."

तेव्हा कुठे वीब्केला खरं वाटलं.